जुन्या भाजल्याच्या डागावरची जखम भरत नाहीये आणि आई पाय दाखवत नाही

ऐरोलीहून पत्र आलंय, लांब आहे, कामाचं तेवढं इथे देते.

"सिस्टर, माझी आई ६४ वर्षांची आहे. १९८९ ला आम्ही कळव्याला चाळीत राहायचो तेव्हा रॉकेलच्या स्टोव्हचा भडका होऊन तिचा डावा पाय गुडघ्याखाली भाजला होता, मी तेव्हा ३ वर्षांचा होतो. पाय बरा झाला पण कातडी आवळलेली राहिली. मागच्या गणपतीत त्या जुन्या डागावर छोटी जखम झाली, आता हे गणपती पण झाले, जखम भरत नाहीये. जवळच्या डॉक्टरांनी तीनदा अँटिबायोटिक दिलं, शुगर थोडी जास्त आहे म्हणून वेळ लागतोय म्हणाले. आई हळद-तूप लावते, मामाने गावाहून कसला तरी पाला दिला तोही बांधून झाला. मला पाय दाखवत नाही. माझ्या बायकोला बाथरूममध्ये बादलीमागे जुन्या साडीच्या चिंध्या सापडल्या, रक्त आणि पू लागलेल्या. खोलीत सारखी अगरबत्ती लावून बसते पण वास येतोच. आता जांघेत अवधाण आलंय म्हणते. डॉक्टरकडे चल म्हटलं की पाय कापतील म्हणते, नवरात्र होऊ दे मग बघू म्हणते. हा कॅन्सर असू शकतो का, आणि तिला न्यायचं कसं?"

बाळा, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरेतुरे करतेय. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, असू शकतो. नुसतं पत्र वाचून नक्की आहे असं कुणीच सांगणार नाही, पण मी ३१ वर्षं सर्जिकल वॉर्ड आणि ड्रेसिंग रूममध्ये काढलीत आणि भाजल्याच्या जुन्या डागावर वर्षभर न भरणारी जखम, तिला वास, रक्त आणि वर जांघेत गाठ असं सगळं एका पत्रात वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही, म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुला लिहायला बसले.

भाजून भरलेली कातडी पहिल्यासारखी नसते रे. तिच्यात घामाच्या ग्रंथी नाहीत, तिला लवचिकपणा नाही, रक्त कमी पोचतं, जरा ताण पडला की चिरते. आई ३६ वर्षं उठतेय, बसतेय, जमिनीवर बसून भाजी निवडतेय, जिना चढतेय आणि त्या आवळलेल्या कातडीला दर वेळी ताण बसतोय. चिरते, भरते, परत चिरते, परत भरते, आणि हे भरायचं काम करता करता कधीतरी एखादी पेशी बिघडते आणि वाढतच राहते, थांबत नाही. मार्जोलिन नावाच्या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये जुन्या व्रणांवर होणाऱ्या अशा जखमांचं वर्णन लिहून ठेवलं होतं म्हणून डॉक्टर लोक याला आजही मार्जोलिन अल्सर म्हणतात. भाजल्यापासून हे व्हायला साधारण ३० वर्षांच्या आसपास लागतात, म्हणूनच कुणाच्या डोक्यात येत नाही, स्टोव्हचा भडका सगळे विसरलेले असतात आणि जखम मात्र नवीन वाटते. भाजलेल्या सगळ्यांना होतं असं अजिबात नाही, फार थोड्यांना होतं, पण ज्यांना होतं त्यांच्यात पायाचं प्रमाण मोठं आहे. आणि त्वचेचा हा कॅन्सर उन्हामुळे होणाऱ्या साध्या कॅन्सरपेक्षा जास्त दांडगा असतो, अवधाणापर्यंत लवकर जातो.

शुगरमुळे जखम भरायला वेळ लागतो हे खरंच आहे, तुमचे डॉक्टर काही खोटं बोलले नाहीत. पण शुगर म्हटलं की पुढचा विचारच थांबतो ही माझी जुनी तक्रार आहे. शुगरची जखम बहुतेक करून तळव्याला, बोटांना, जिथे चप्पल लागते नाहीतर वजन पडतं तिथे होते. ही झालीय बरोब्बर जुन्या डागावर. तीनदा अँटिबायोटिक देऊन फरक नाही तर चौथा कोर्स देण्याआधी कुणीतरी तुकडा तपासायला पाठवायला हवा होता. जुन्या डागावरची जखम चार-सहा आठवड्यांत भरली नाही तर तुकडा काढून तपासायचाच, मग शुगर असो नसो. तुमचं वर्ष झालंय.

तुझ्या बायकोला विचार, तिने जखम बघितली असेल तर कडा कशा आहेत. साध्या भरत येणाऱ्या जखमेची कड जखमेच्या पातळीला सपाट असते, आतल्या बाजूला गुलाबी पातळ कातडी सरकताना दिसते. मार्जोलिनच्या जखमेची कड उचललेली असते, बाहेरच्या बाजूला वळलेली, भाकरीची कड जाड राहते ना तशी, आणि हात लावला तर कडक. मधे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस वर आलेलं असतं आणि सुकलेली चिंधी जरा ओढली की भळाभळा रक्त येतं. असं दिसलं तर एक दिवस थांबू नका, आणि नाही दिसलं तरी थांबू नका, कारण सपाट, नुसती खोल जाणारी जखमसुद्धा मी बघितलीय.

आता अवधाणाबद्दल. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं हे आपल्याकडे पोरालाही माहीत असतं, आणि नुसत्या इन्फेक्शननेही ते येतं, त्यामुळे गाठ आली म्हणजे कॅन्सर पसरलाच असं समजून आधीच हातपाय गाळू नकोस. पण ते कशाचं आहे हे बोटाने दाबून कळत नाही, सोनोग्राफी आणि सुईची तपासणी लागते. तोपर्यंत त्याला शेक द्यायचा नाही, चोळायचं नाही, लेप लावायचा नाही, गावाकडचा कुणी दाबून बसवून देतो म्हणाला तर त्याला हात लावू द्यायचा नाही.

आईला हे सगळं वाचून दाखवू नकोस, पण तुला माहीत असायला हवं म्हणून एक गोष्ट सांगते. शहापूरकडचे एक आजोबा आमच्या वॉर्डात आले होते, लहानपणी शेकोटीत पोटरी भाजलेली आणि त्या डागावरची जखम त्यांनी चार वर्षं धोतराखाली झाकून ठेवलेली. घरात कुणाला पत्ता नाही, गोठ्यात झोपायचे, वास ढोरांचा वाटायचा. एक दिवस नातवाला अंथरुणावर अळ्या दिसल्या म्हणून आणलं. मी त्यांचं फडकं सलाईनने भिजवत अर्धा तास बसले होते तेव्हा कुठे ते सुटलं. टर्पेंटाइनचा बोळा ठेवून अळ्या चिमट्याने काढल्या, खाली नडगीचं हाड उघडं होतं, पिवळट, आणि एक्सरेत ते कुरतडल्यासारखं दिसत होतं. रक्त इतकं कमी की आधी बाटल्या चढवायला लागल्या. जांघेतली गाठ मोसंबीएवढी, वरची कातडी लाल आणि चकचकीत झालेली. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले सिस्टर, या गाठीवर लक्ष ठेवा, खालून मोठी रक्तवाहिनी जाते, फुटली तर थांबवता येणार नाही. छातीच्या फोटोत डाग होते म्हणजे फुफ्फुसापर्यंत गेलेलं. पाय काढायचा की नाही हा प्रश्नच उरला नव्हता, काढून आयुष्य वाढणार नव्हतं. आणि ते आजोबा, मी रोज सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन गेले की आधी म्हणायचे, ताई, नाकाला रुमाल बांधा. रोज. मी एकदाही बांधला नाही. पुढे कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की या माणसाला दुखण्यापेक्षा लाज जास्त होती, घरातल्या कुणीतरी एकाने पहिल्या वर्षात फडकं सोडून बघितलं असतं तर.

म्हणून तुझ्या पत्रातल्या त्या बादलीमागच्या चिंध्यांवर माझं लक्ष अडकलं. आई पाय तुझ्यापासून लपवतेय कारण तू मुलगा आहेस, तुझ्यासमोर साडी गुडघ्यापर्यंत घ्यायची तिला लाज वाटते, आणि वासाची तर त्याहून जास्त. तिला एकदाही म्हणू नकोस की आधी का नाही सांगितलंस, चिंध्यांचा विषय तर काढूच नकोस. तू बाहेर थांब आणि हे काम सुनेला करू दे, नाहीतर तिची सख्खी बहीण असेल तर तिला दोन दिवस बोलावून घे. दार लावून घ्यायचं, खिडकी उघडायची, अगरबत्ती नको. मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची बाटली, ग्लोव्हज, व्हॅसलिन गॉझ आणि जाड पॅड आणायचे. चिकटलेलं फडकं ओढायचं नाही, सलाईन ओतत राहायचं, ते आपोआप सुटेल. हळद नाही, तूप नाही, पाला नाही, चुना नाही, हायड्रोजन पेरॉक्साइडसुद्धा नाही. गॉझ ठेवून पॅड बांधायचं आणि सकाळ-संध्याकाळ बदलायचं. वासासाठी डॉक्टर मेट्रोनिडॅझोल देतात, जखमेवर लावायचं जेल मिळतं, त्याने दोन-चार दिवसांत खूप फरक पडतो, हे आईला आवर्जून सांगा, मी असे पेशंट बघितलेत की ज्यांनी वास कमी झाल्यावर पहिल्यांदा मान वर करून बोलायला सुरुवात केली. मधेच रक्त सुरू झालं तर पाय उशीवर उंच करायचा, स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबायचं, घड्याळ लावून १५ मिनिटं, मधे उचलून बघायचं नाही. नाही थांबलं तर दाबूनच धरून सरळ कॅज्युअल्टी.

पाय कापतील याचं काय. तिला खोटं सांगू नकोस की काही नाही कापत. रोग हाडात गेला असेल तर पाय काढायला लागतो हे खरं आहे. पण हाडात गेला नसेल तर जखम आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट रुंद काढतात आणि मांडीची पातळ कातडी घेऊन तिथे लावतात, पाय राहतो. कोपरीतल्या एक बाई होत्या, त्यांचाही असाच स्टोव्हचा डाग, पाच महिन्यांत आल्या होत्या, त्या आजही ठाणे स्टेशनच्या मार्केटमधून दोन पिशव्या भाजी घेऊन चालत घरी जातात, मांडीवर एक पांढुरका चौकोन राहिलाय एवढंच. आई पाय वाचवायला म्हणून घरात बसलीय आणि घरात बसण्याने रोज तो पायच हातचा जातोय, एवढं एक वाक्य तिला समजलं तर ती येईल. जास्त पसरलेल्यांनाही आता रेडिएशन आहे, औषधं आहेत, काहींना इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी इंजेक्शनं लागू पडतात, महाग आहेत, सगळ्यांना चालत नाहीत, पण दहा-बारा वर्षांपूर्वी तेवढंही हातात नव्हतं.

आणि मामा म्हणतील की तुकडा काढला की कॅन्सर भडकतो, सुई लावली की पसरतो. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मला राग येतो. तुकडा काढल्याने पसरत नाही, वर्षभर तुकडा न काढल्याने पसरतो. बायोप्सी, म्हणजे हा तपासायचा तुकडा, जखमेच्या कडेवरून घ्यायला हवी, मधल्या कुजलेल्या भागात काही मिळत नाही, आणि मोठ्या जखमेत दोन-तीन ठिकाणांहून घेतात. रिपोर्ट नुसतं इन्फेक्शन आहे असा आला आणि जखम पुढच्या तीन-चार आठवड्यांत तशीच राहिली तर परत करा म्हणून मागे लाग, एका रिपोर्टवर निर्धास्त झालेले लोक मी सहा महिन्यांनी परत येताना बघितलेत. अजून एक, कुणी जखम साफ करून देतो म्हणून भूल देऊन खरवडलं तर जे काढलं ते तपासायला पाठवलं का हे विचारायचंच. कितीतरी वेळा ते बादलीत जातं.

जायचं कुठे तर तुम्हाला ऐरोलीहून विटाव्यामार्गे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल रिक्षाने जवळ आहे, नाहीतर वाशीचं महापालिकेचं हॉस्पिटल, सर्जरीच्या ओपीडीत जायचं आणि केस पेपरवर पहिलं वाक्य लिहून घ्यायचं की १९८९ च्या भाजल्याच्या डागावर एक वर्ष न भरलेली जखम. हे ३६ वर्षांपूर्वीचं भाजणं सांगितलंच नाही तर डॉक्टरांना कळणार कसं, पेशंट स्वतःहून ते कधी सांगत नाहीत. बायोप्सीत निघालाच तर इकडे अर्धं तिकडे अर्धं ऑपरेशन करत बसू नका, परळचं टाटा मेमोरियल आहे आणि तुम्हाला तर त्यांचंच खारघरचं अॅक्ट्रेक पनवेल गाडीने सरळ पडतं, स्टेशनवरून रिक्षा. जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊन भागत नाही, बायोप्सी जिथे झाली तिथून तुकड्याची काचेवरची स्लाइड आणि तुकडा ठेवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्यायचा, ते लोक स्वतः परत बघतात, नाहीतर त्यासाठी एक खेप वाया जाते. पैशाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटायचं, ते भरती व्हायच्या आधी, नंतर धावपळ होते.

तू पत्रात खाली एक ओळ लिहिलीयस की स्किन कॅन्सर तर गोऱ्या लोकांना होतो ना. त्यांना जास्त होतो, उन्हामुळे. आपल्या कातडीला रंगामुळे उन्हापासून बरंच संरक्षण आहे पण आपल्याकडे हा रोग दुसऱ्या वाटेने येतो, जुने डाग, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमा, सतत घासली जाणारी जागा. टाटा मेमोरियलमधल्या डॉ. खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतर घट्ट बांधून कंबरेवर होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं, पुढे साडी नेसणाऱ्या बायकांतही परकराच्या नाडीखाली तोच प्रकार सापडला, काश्मीरमध्ये पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसणाऱ्यांना होतो. आणि तळव्यावर, नखाखाली वाढत जाणारा काळा डाग, तो मेलानोमा म्हणजे त्वचेचाच दुसरा एक कॅन्सर असू शकतो, आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो बऱ्याचदा तिथेच निघतो आणि अनवाणी चालून काळं पडलंय म्हणून वर्षभर कुणी बघत नाही. आईचा पाय बघाल तेव्हा दुसऱ्या पायाचा तळवा आणि कंबरेची नाडीची जागा पण बघून घ्या, एका खेपेत होईल.

नवरात्राचं म्हणशील तर तिला सांग घट सूनबाई बसवेल, माळ सूनबाई घालेल. नऊ दिवस उपास आणि शुगर आणि ही जखम हे काही जमायचं नाही, आणि नवरात्र झालं की दिवाळी येते, मग लग्नसराई, मी हे सगळं ऐकलंय. कॅन्सर हा शब्द तू पहिल्या दिवशी काढला नाहीस तरी चालेल, जखम का भरत नाही ते बघायला छोटा तुकडा काढणार आहेत एवढं सांग, तेही खरंच आहे. पण तिने तुझ्याकडे बघून सरळ विचारलं तर खोटं बोलू नकोस, असू शकतो म्हणून तर घाई करतोय असं सांग. आयांना पोराच्या चेहऱ्यावरून कळतं, आणि एकदा खोटं पकडलं की पुढच्या उपचाराला त्या बधत नाहीत.

या आठवड्यात जा, सोमवारी सकाळी साडेसातला केस पेपरच्या लाइनीत उभा राहा, आईला सून नऊ वाजता रिक्षाने घेऊन येईल म्हणजे तिला बाकड्यावर दोन तास ताटकळायला नको. जखमेची गॉझ सकाळी बदलून या, पिशवीत दोन जादा पॅड ठेवा. आणि साडी नको, सैल गाऊन घालून आणा, तो ती कुठे घालत नसेल तर वरून ओढणी घ्यायला सांगा. ओपीडीत पडद्यामागे चार शिकाऊ डॉक्टर उभे असतात आणि साडी वर धरून बसलं की बायका अर्ध्यातूनच पाय झाकतात, गाऊनमध्ये गुडघ्यापर्यंत एक पाय उघडा केला की बाकी सगळं झाकलेलं राहतं. तपासायला लेडी डॉक्टर मिळतील का हे सुनेने टेबलवर हळूच विचारायचं, बहुतेक वेळा मिळतात.